एआय एजंटसाठी क्रिकेटच्या आकड्यांची टूल्स : वर्णनात नेमकं काय लिहायचं?

सिली_पॉइंट

नमस्कार मंडळी,

क्रिकेटच्या आकडेवारीबद्दल मराठीत प्रश्न विचारावा आणि मराठीतच नेमकं उत्तर मिळावं, असा एक सहायक आम्ही काही मित्र मिळून तयार करतो आहोत. आकडे शोधणारी टूल्स तयार आहेत, एजंट (म्हणजे हा सहायक) ती वापरतोही. पण आता आमचा बहुतेक वेळ कोडपेक्षा टूलचं वर्णन लिहिण्यात जातो. इथे क्रिकेटवेडेही आहेत आणि संगणकवालेही, म्हणून हा धागा.

ज्यांना हा प्रकार नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. एजंटच्या मागे जे भाषेचं मॉडेल असतं त्याला आपला डेटाबेस दिसत नाही. त्याच्यासमोर फक्त टूलचं नाव, दोनचार ओळींचं वर्णन आणि पॅरामीटरची यादी येते. तेवढ्यावरून कोणतं टूल कधी बोलवायचं, काय भरायचं आणि आलेल्या आकड्याचा अर्थ काय लावायचा हे ते ठरवतं. नोव्हेंबर २०२४ मध्ये एमसीपी (एजंटला टूल्स जोडायची सामाईक पद्धत) आल्यापासून टूल जोडणं सोपं झालं आहे. वर्णन मात्र ज्याचं त्यालाच लिहावं लागतं.

बहुतेक ठिकाणी वर्णन असं दिसतं (नावं इथे मराठीत लिहितो, प्रत्यक्षात ती रोमन लिपीत असतात):

> खेळाडू_आकडे : खेळाडूची आकडेवारी देते. पॅरामीटर : नाव, प्रकार, वर्ष.

माणसाला हे पुरतं, कारण उरलेलं त्याच्या डोक्यात असतं. आता याच टूलला विचारा, "सचिनने कसोटीत किती शतकं केली?" आमचे चेंडूनिहाय तपशील क्रिकशीटचे आहेत. स्टीफन रश यांनी चालवलेला हा मोफत खजिना आहे आणि त्याचे उपकार मानावे तेवढे थोडे. पण त्यात पुरुषांच्या कसोट्या साधारण या शतकाच्या सुरुवातीपासून आहेत, आणि सचिनचं पदार्पण १९८९ चं, कराचीतलं. चेन्नईतली १९९८ ची ऑस्ट्रेलियाविरुद्धची नाबाद १५५ त्यात नाही, १९९९ ची पाकिस्तानविरुद्धची १३६ पण नाही. टूल असेल तेवढी शतकं मोजतं आणि आकडा देतं. तो ५१ पेक्षा बराच कमी असतो, पण दिसायला अगदी खरा वाटतो. एजंट तो घेतो आणि छान मराठीत ठामपणे सांगतो.

गावसकरांबद्दल विचारलं तर काहीच येत नाही. तिथे निदान शंका तरी येते. अर्धवट आलेला आकडा सगळ्यात घातक, कारण त्यावर शंका घ्यायला कुठे फटच नसते.

म्हणून माझं म्हणणं असं, की आकड्यांच्या टूलच्या वर्णनात पहिलं वाक्य "काय मिळतं" याचं नको, "आकडे कुठे संपतात" याचं हवं. आणि तीच गोष्ट प्रत्येक उत्तरासोबत परत यायला हवी. सध्याचा मसुदा असा आहे:

> कारकीर्द_आकडे : साठ्यात असलेल्या सामन्यांवरून खेळाडूची बेरीज देते. ही संपूर्ण कारकीर्द असेलच असे नाही. उत्तरातले 'व्याप्ती' हे क्षेत्र आधी वाचा. 'अपूर्ण' असेल तर हा आकडा कारकिर्दीचा एकूण आकडा म्हणून सांगू नका. चालू सामन्यासाठी वापरू नका. खेळाडूचे नाव नव्हे, आयडी द्या; आयडी 'खेळाडू_शोधा' मधून मिळतो. सुपर ओव्हरच्या धावा आणि बळी धरलेले नाहीत. महिला आणि पुरुष सामने कधीही एकत्र मिळवलेले नाहीत.

यात काय सुटलंय? काय जास्त झालंय? आणि मुख्य म्हणजे, टूलला कुठले प्रश्न विचारून बघायचे? उत्तर ज्यांना पाठ आहे अशाच माणसांकडून ते प्रश्न यायला हवेत.

खडूस_मुंबईकर

विषय आवडला. पहिला प्रश्न माझ्याकडून घ्या.

"प्रथम श्रेणी सामन्यात एका डावात सर्वाधिक धावा करणारा भारतीय कोण?"

उत्तर : भाऊसाहेब निंबाळकर, महाराष्ट्राकडून काठियावाडविरुद्ध, पुणे, १९४८-४९, नाबाद ४४३. ब्रॅडमनचा ४५२ चा विक्रम नऊ धावांवर असताना काठियावाडने सामनाच सोडून दिला. फक्त अलीकडचे मोसम असलेल्या साठ्याला हा प्रश्न टाकलात तर पृथ्वी शॉचे आसामविरुद्धचे ३७९ समोर येतील. रणजीत दुसऱ्या क्रमांकाची ती खेळी आहे, त्यामुळे कुणालाही पटेल. तुमचा मुद्दा यातून नेमका तपासला जातो.

विक्रम विचारणाऱ्या प्रश्नांसाठी मी तर वेगळंच टूल ठेवेन. "सर्वाधिक", "पहिला", "एकमेव" हे शब्द आले की बेरजेच्या टूलकडे जायचंच नाही, असं वर्णनात स्पष्ट लिहा.

सिली_पॉइंट

ही सूचना लगेच घेतो. "सर्वाधिक" प्रश्नाला साठा अपुरा असेल तर चूक व्हायचीच. एखाद्याची बेरीज अपुरी असली तर निदान "साठ्यात एवढ्या" असं म्हणता येतं. "पहिला" किंवा "एकमेव" असं अर्धवट सांगताच येत नाही.

नाईट_वॉचमन

थोडा विरोधी सूर लावतो. मी रोज डेटाबेसमध्येच असतो. एवढी वर्णनं लिहिण्यापेक्षा एजंटला सरळ टेबलं द्या आणि एसक्यूएल (डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा) लिहू द्या. आताची मॉडेलं ते उत्तम लिहितात. वर्णन लांबलं की प्रत्येक प्रश्नागणिक तेवढी टोकन (मॉडेल वाचतं ते मजकुराचे तुकडे) जातात. वीस टूल्स असली तर प्रश्न विचारायच्या आधीच निम्मी जागा संपते.

सिली_पॉइंट

एसक्यूएल उत्तम लिहितात यात वाद नाही. पण टेबलाला क्रिकेट कळत नाही, अडतं तिथे. उदाहरण म्हणून एकच सामना घेतो, इथल्या बऱ्याच जणांनी जागून पाहिलेला : ६ जून २०२४, डॅलस, टी-२० विश्वचषक, अमेरिका विरुद्ध पाकिस्तान.

दोघांच्या १५९. सामना बरोबरीत. सुपर ओव्हरमध्ये अमेरिका १८, पाकिस्तान १३. अमेरिकेकडून ती ओव्हर टाकली मुंबईत वाढलेल्या सौरभ नेत्रवळकरने.

चेंडूंच्या टेबलात सुपर ओव्हरचे चेंडूही असतात, वेगळी खूण करून. ती खूण पाहिली नाही तर संघाच्या धावांची बेरीज १७७ आणि १७२ येते, आणि एजंट सांगतो की अमेरिका पाच धावांनी जिंकली. वाक्य वाचायला इतकं सरळ आहे की कुणाला काही खटकणारही नाही. नेत्रवळकरच्या नावावर टी-२० सामन्यात पाच षटकं लागतात, जे नियमानेच शक्य नाही. बरं, "विजेता" या रकान्यात पाहावं, तर बरोबरीच्या सामन्यात तो रिकामा असू शकतो आणि सुपर ओव्हर जिंकणाऱ्याचं नाव दुसऱ्याच रकान्यात असतं.

एसक्यूएल बिनचूक असूनही उत्तर चुकतं, कारण सुपर ओव्हरचे आकडे कारकिर्दीत धरत नाहीत हा संकेत टेबलात कुठेच लिहिलेला नसतो. तो कुणीतरी शब्दांत लिहायलाच हवा. एकदा लिहायचाच आहे तर टूलमध्ये बसवून वर्णनात एक वाक्य ठेवणं जास्त भरवशाचं.

टोकनचा मुद्दा मात्र रास्त आहे. आम्ही वीस टूल्स ठेवली नाहीत, मोजकीच आहेत. "शोधा", "कारकीर्द", "सामना", "मालिका" आणि आता खडूस यांच्यामुळे "विक्रम".

नाईट_वॉचमन

सुपर ओव्हरचं पटलं. निकालाच्या रकान्यात येऊ शकणाऱ्या सगळ्या किमती मग स्कीमातच (टूलच्या क्षेत्रांच्या आखणीत) बांधून टाका. मोकळा मजकूर नको. २०१९ ची लॉर्ड्सवरची अंतिम लढत बघा : दोघांच्या २४१, सुपर ओव्हरमध्येही १५-१५, मग चौकार-षटकारांच्या संख्येवर इंग्लंड, २६ विरुद्ध १७. आणि २००७ मध्ये डरबनला भारत-पाकिस्तान : १४१-१४१, निकाल बोल-आउटवर, ३-०. "कोण जिंकलं" आणि "कसं जिंकलं" ही दोन वेगळी क्षेत्रं हवीत.

सिली_पॉइंट

बरोबर. "निकाल", "विजेता", "निकालाची_पद्धत" अशी तीन केली आहेत. 'विजेता' कधीच रिकामा सोडत नाही; सामना अनिर्णित असेल तर तिथे "कोणी नाही" असं लिहून येतं. रिकाम्या जागेचा एजंट स्वतःच्या मनाने अर्थ लावतो. शून्य, माहिती नाही आणि लागू नाही या तीन गोष्टी तीन वेगवेगळ्या शब्दांत याव्यात. एकदाही बाद न झालेल्या फलंदाजाची सरासरी शून्य नसते, ती काढताच येत नाही. तिथे 'लागू नाही' असंच यायला हवं.

मृण्मयी_स

"महिला आणि पुरुष सामने एकत्र मिळवलेले नाहीत" हे वाक्य वाचून बरं वाटलं, पण ते पुरेसं नाही. सांगितलंच नाही तर टूल कोणाचे आकडे देतं? बहुतेक ठिकाणी गुपचूप पुरुषांचे.

माझा प्रश्न घ्या : "भारताने एकदिवसीय विश्वचषक शेवटचा कधी जिंकला?"

२ एप्रिल २०११, वानखेडे, असं उत्तर आलं तर ते चूक आहे. २ नोव्हेंबर २०२५, नवी मुंबई, डी. वाय. पाटील स्टेडियम. दक्षिण आफ्रिकेवर ५२ धावांनी विजय, शफाली वर्माच्या ८७, दीप्ती शर्माचं अर्धशतक आणि पाच बळी. त्याच्या आधी त्याच मैदानावर ऑस्ट्रेलियाविरुद्ध जेमिमाची नाबाद १२७. सांगलीच्या स्मृतीने आणि मुंबईच्या जेमिमाने जिंकलेला कप आपल्याच राज्यात उचलला गेला आणि एखादं टूल "भारत" म्हटल्यावर त्याला ओळखतच नाही, हे मला चालणार नाही.

ही चूक डेटातली नाही, डेटा असतोच. कुणीतरी स्कीमात गृहीत किंमत "पुरुष" ठेवून दिली आणि वर्णनात त्याचा उल्लेखही केला नाही, त्यातून ती होते.

सिली_पॉइंट

ताई, पूर्ण सहमत. 'विभाग' हा पॅरामीटर आता सक्तीचा आहे : महिला, पुरुष, दोन्ही. गृहीत किंमत काढून टाकली. वर्णनात वाक्य घातलं : "प्रश्नात स्पष्ट नसेल तर 'दोन्ही' द्या आणि उत्तरात दोन्ही वेगवेगळे सांगा." तुमचा प्रश्न चाचणीत सगळ्यात वर ठेवला आहे.

नावांबद्दलही तुमचं मत हवं आहे. क्रिकशीटमध्ये नावं आद्याक्षरांची असतात : एस मानधना, जेआय रॉड्रिग्ज, आरजी शर्मा, एसएन नेत्रवळकर, आणि तीही रोमन लिपीत. आपला वाचक लिहिणार "स्मृती मंधाना", "मानधना", "मन्धाना". एजंट स्वतःहून रोमन स्पेलिंग करतो, ते बहुतेक वेळा जमतं, पण कमी प्रसिद्ध खेळाडूंच्या बाबतीत गडबड होते.

मृण्मयी_स

मग 'खेळाडू_शोधा' मध्ये देवनागरी नाव जसंच्या तसं घ्या आणि जुळणी तुमच्या बाजूला करा. वर्णनात लिहा की वापरणाऱ्याने लिहिलं तेच नाव पाठव, स्पेलिंग तू बदलू नकोस. नाहीतर चूक नेमकी कुठे झाली हे तुम्हालाही कळणार नाही.

सिली_पॉइंट

उत्तम. हेच करतो.

शोधाच्या उत्तरात एकापेक्षा जास्त माणसं सापडली तर पहिला निवडायचा नाही, ही अटही वर्णनात आहे. नुसतं "शर्मा" टाकून बघा : रोहित, इशांत, अभिषेक, कर्ण, मोहित, संदीप, जितेश, दीप्ती. पूर्वी तिथे "खूप निकाल, शोध अयशस्वी" एवढाच मेसेज होता. आता संघ आणि वर्षांसकट यादी येते आणि खाली ओळ येते : "प्रश्नावरून नक्की ठरत नसेल तर वापरणाऱ्याला विचारा." एरर मेसेज हाही डॉक्युमेंटेशनचाच भाग आहे. किंबहुना एजंट सगळ्यात नीट तोच वाचतो, कारण तो नेमका अडलेल्या क्षणी समोर येतो.

विदर्भवीर

उशिरा आलो, पण मुद्द्याचं विचारतो.

"महाराष्ट्राने रणजी करंडक किती वेळा जिंकला?"

तुमचं टूल "दोन" म्हणेल. १९३९-४० आणि १९४०-४१. संघ म्हणून बरोबर. पण राज्य म्हणून विचारणाऱ्याला मुंबईचे ४२ आणि आमचे ३ कुठे गेले? २०१७-१८, २०१८-१९ आणि २०२४-२५. इंदूरला दिल्लीविरुद्धच्या त्या अंतिम सामन्यात गुरबानीने हॅट्‌ट्रिक घेतली तेव्हा आमच्याकडे जे वातावरण होतं ते शब्दांत सांगता येत नाही.

एका राज्यात तीन संघ आहेत हे मॉडेलला माहीत असेलही, पण टूलमध्ये संघ : महाराष्ट्र असा पर्याय दिसला की ते तोच निवडणार.

आणि खेळाडूंचं काय? वसीम जाफर मुंबईकडून खेळला, मग विदर्भाकडून, आणि आमच्या पहिल्या दोन्ही विजेतेपदांत होता. "मुंबईच्या जाफरच्या रणजीतल्या धावा" म्हणजे मुंबईकडून केलेल्या, की त्याच्या सगळ्या?

सिली_पॉइंट

फार उपयोगाचं आहे हे. संघाच्या पॅरामीटरचं वर्णन असं बदललं :

> संघ : रणजी संघाचे नाव, राज्याचे नाही. महाराष्ट्र राज्यात मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ असे तीन संघ आहेत. प्रश्न राज्याबद्दल वाटला तर तिन्ही विचारा आणि वेगवेगळे सांगा. 'बॉम्बे' आणि 'मुंबई' हा एकच संघ आहे.

जाफरच्या प्रश्नात टूल दोन्ही बेरजा देईल : संघानुसार आणि एकूण. कोणती सांगायची ते एजंटने ठरवावं, पण दुसरी आहे हे त्याला दिसायला हवं.

संघांच्या नावांचा गोंधळ आयपीएलमध्ये तर विचारू नका. दिल्ली डेअरडेव्हिल्स २०१९ पासून दिल्ली कॅपिटल्स झाले, संघ एकच. किंग्ज इलेव्हन पंजाब २०२१ पासून पंजाब किंग्ज, संघ एकच. पण डेक्कन चार्जर्स आणि सनरायझर्स हैदराबाद, शहर एक, संघ दोन. गुजरात लायन्स आणि गुजरात टायटन्स, राज्य एक, संघ दोन. पुण्याचे तर पुणे वॉरियर्स निराळे, आणि रायझिंग पुणे सुपरजायंट्सने २०१७ मध्ये शेवटचा 'स' काढून टाकला, त्यामुळे साठ्यात एकाच संघाची दोन नावं. त्याच वर्षी ते मुंबईकडून अंतिम सामना एका धावेने हरले. दोन नावं जोडली नाहीत तर पुण्याच्या दोन मोसमांतला एकच मोसम हाती येतो.

मोसमाचीही तीच कथा. २००८ चा पहिला मोसम फायलीत "२००७/०८" म्हणून आहे, २०१० चा "२००९/१०". एजंट "२००८" भरतो, आणि आयपीएल त्या वर्षी झालीच नाही असं त्याला वाटतं. आम्ही आता मोसम एकाच रूपात घेतो, ज्या वर्षी सामने झाले ते वर्ष, आणि वर्णनात दोन उदाहरणं दिली आहेत. लांबलचक नियमापेक्षा दोन उदाहरणांनी जास्त काम होतं, हे वारंवार दिसलं.

मैदानंही आहेत. गहुंजेचं स्टेडियम सहाराच्या नावानेही आहे आणि महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशनच्या नावानेही. कोटला आणि अरुण जेटली एकच. मैदानाला आम्ही आयडीच दिला.

धावफलक

मी स्थानिक सामन्यांत स्कोअरर म्हणून बसतो. एक गोष्ट कुणीच बोललं नाही म्हणून लिहितो.

षटकांचा आकडा दशांश नसतो! गोलंदाजाने एका सामन्यात ३.५ षटकं टाकली, दुसऱ्यात २.४. एकूण ६.३. संगणक ५.९ म्हणतो. ५.९ असं षटक अस्तित्वातच नाही. त्यावरून काढलेली इकॉनॉमीही चुकणार.

सिली_पॉइंट

हा माझा आवडता मुद्दा, बरं झालं तुम्ही काढलात. टूलमधून षटकं आता दोन रूपांत येतात : 'षटके' हा मजकूर म्हणून आणि 'चेंडू' हा पूर्णांक म्हणून. वर्णनात लिहिलंय, "बेरीज आणि सरासरी फक्त चेंडूंवरून काढा, 'षटके' केवळ दाखवण्यासाठी आहे." शक्य तिथे इकॉनॉमी आम्हीच काढून देतो. एजंटला बेरजा करायला लावूच नयेत.

आणखी एक खोच : क्रिकशीटच्या जेसन फायलीत षटकं शून्यापासून मोजलेली असतात. "१९ व्या षटकात बुमराहने किती दिल्या?" याला एजंटने १९ आकडा भरला की विसावं षटक मिळतं. आमच्या टूलमध्ये क्रमांक एकपासून सुरू होतात, प्रेक्षक मोजतात तसे, आणि तसं लिहिलंही आहे.

धावफलक

मग हेही लिहा : वाइड फलंदाजाच्या चेंडूंत धरत नाहीत, नोबॉल धरतात. वाइड आणि नोबॉलच्या धावा गोलंदाजाच्या खात्यात जातात, बाय आणि लेगबायच्या जात नाहीत. धावबाद गोलंदाजाचा बळी नाही. आमच्याकडे नवीन मुलांना स्कोअरिंग शिकवताना पहिल्याच दिवशी हे सांगावं लागतं. तुमच्या एजंटलाही लागेल.

खडूस_मुंबईकर

आणि षटक नेहमी सहाच चेंडूंचं नसतं. ऑस्ट्रेलियात १९७८-७९ पर्यंत आठ चेंडूंची षटकं होती. १९७७-७८ च्या दौऱ्यात चंद्रशेखरने मेलबर्नला दोन्ही डावांत ५२ धावांत सहा-सहा बळी घेतले, तो सामना आठ चेंडूंच्या षटकांचा. "चेंडू = षटके गुणिले सहा" असं कुठे बसवलं असेल तर जुन्या मालिकांचे स्ट्राइक रेट चुकतील.

सिली_पॉइंट

धावफलक, तुमची यादी जशीच्या तशी घेतो, पण टूलच्या वर्णनात नाही. ती 'आकड्यांचे_संकेत' नावाच्या वेगळ्या पानावर ठेवतो, जे एजंटला गरज पडली तरच मागवता येतं. नाईट_वॉचमन यांच्या टोकनच्या तक्रारीवर हाच तोडगा सुचतो : ज्यावाचून चुकीचं टूल निवडलं जाईल किंवा आकड्याचा चुकीचा अर्थ लावला जाईल ते वर्णनात, बाकीचं पानावर.

खडूस, 'षटकातील_चेंडू' हे क्षेत्र सामन्याच्या तपशिलात घातलं.

नाईट_वॉचमन

तोडगा मान्य. एक मतभेद उरतो. व्याप्तीची सूचना वर्णनात कशाला, ती उत्तरात येतेच आहे ना? एकदा पुरे.

सिली_पॉइंट

दोन्हीकडे हवी, असं माझं ठाम मत आहे. कारणं वेगळी आहेत. वर्णन वाचून एजंट ठरवतो की इथे विचारायचं की नाही. गावसकरांच्या १०,१२२ धावांचा प्रश्न त्याने या टूलकडे आणूच नये. पण विचारलंच, तर उत्तर लिहिताना त्याच्यासमोर शेवटी आलेला मजकूर टूलचा असतो. दहा पायऱ्यांपूर्वी वाचलेलं वर्णन तोवर मागे पडलेलं असतं. म्हणून सचिनच्या आकड्याला चिकटूनच असं येतं : "व्याप्ती : अपूर्ण. पदार्पण १९८९, त्या काळातले सामने साठ्यात नाहीत."

फक्त उत्तरात ठेवून आम्ही पाहिलं. एजंट सूचना नीट वाचतो, पण तोवर तीन फेऱ्या वाया गेलेल्या असतात. फक्त वर्णनात ठेवलं तर आकडा मिळाल्यावर तो सूचना विसरतो.

चढाईपटू

सगळं क्रिकेटच का? कबड्डीसाठी असं काही करता येईल का? पुणेरी पलटणने दहाव्या मोसमात हरियाणाला २८-२५ ने हरवून करंडक आणला, त्याचे आकडे विचारायला आमच्याकडे काय आहे?

सिली_पॉइंट

प्रश्न रास्त आहे. अडचण मुख्यतः डेटाची आहे. क्रिकशीटसारखा, परवान्यासकट मोकळा असलेला चढाईनिहाय साठा माझ्या पाहण्यात नाही, आणि दुसऱ्यांच्या संकेतस्थळांवरून परवानगीशिवाय उचलायचं नाही हे आम्ही सुरुवातीलाच ठरवलंय. क्रिकशीटलाही प्रत्येक उत्तरात श्रेय देतो.

पण वर्णन कसं लिहावं यावर आत्ताच विचार करायला हरकत नाही. कबड्डीत एजंट कुठे चुकेल असं तुम्हाला वाटतं?

चढाईपटू

बेरजेत. खेळाडूंचे चढाईचे आणि पकडीचे गुण मिळवले तरी संघाचे गुण येत नाहीत, कारण लोण दिल्याचे (समोरचा अख्खा संघ बाद केल्याचे) दोन गुण संघाचे असतात, कुणा एकाचे नाहीत. प्रतिस्पर्ध्याच्या चुकीचे मिळणारे गुणही तसेच. एजंट म्हणेल डेटा चुकलाय.

बोनस समोर सहा किंवा जास्त खेळाडू असतानाच मिळतो. सुपर टॅकल तिघे किंवा कमी असताना. म्हणजे मैदानावर त्या क्षणी किती जण होते हे प्रत्येक चढाईसोबत नोंदवलेलं नसेल तर या दोन्हींबद्दलचे प्रश्न टूलला विचारताच येणार नाहीत, आणि हे वर्णनात लिहावं लागेल.

सिली_पॉइंट

"खेळाडूंच्या गुणांची बेरीज संघाच्या गुणांइतकी येत नाही; हे अपेक्षित आहे." हे वाक्य कबड्डीच्या टूलमध्ये पहिलं असेल. क्रिकेटमध्येही अवांतर धावांमुळे हेच होतं, आणि ते आम्ही कुठेच लिहिलेलं नव्हतं. आज घालतो.

टेक्सासकर

डॅलसच्या मैदानापासून फार लांब राहत नाही, म्हणून तारखांबद्दल लिहितो. २०२४ च्या त्या विश्वचषकाचा पहिला सामना, अमेरिका विरुद्ध कॅनडा, इथे १ जूनच्या संध्याकाळी साडेसातला सुरू झाला. तुमच्याकडे तेव्हा २ जूनच्या सकाळचे सहा वाजले होते. मी "१ जूनचा सामना" म्हणणार, माझी आई पुण्यातून "२ जूनचा". टूल कुणाचं ऐकणार? आणि मी "काल कोण जिंकलं?" असं विचारलं तर?

सिली_पॉइंट

'तारीख' म्हणजे मैदानावरची स्थानिक तारीख, असं वर्णनात पक्कं केलं आहे. सोबत सुरू होण्याची वेळ जागतिक प्रमाणवेळेत देतो, जिथे ती उपलब्ध आहे तिथे. तारखेवरून शोधताना एजंटने आदला आणि पुढचा दिवसही पाहावा, असं एक वाक्य आहे.

"काल" चा प्रश्न अजून सुटलेला नाही. टूलला वापरणारा कुठे बसलाय हे माहीत नसतं, एजंटला कधी असतं कधी नसतं. शिवाय आमचा साठा सामना संपल्यावर काही काळाने अद्ययावत होतो. म्हणून प्रत्येक उत्तरात "साठा या तारखेपर्यंतचा" अशी ओळ येते, आणि कालचा सामना त्यात नसेल तर 'सामना झाला नाही' असं न म्हणता 'साठ्यात अजून आलेला नाही' असं म्हणायचं, हे वर्णनात आहे. नेत्रवळकरचा आणि मृण्मयीताईंचा, दोन्ही प्रश्न आता बरोबर सुटतात. निंबाळकरांच्या प्रश्नाला एजंट "साठा या काळाचा नाही, त्यामुळे यावरून सांगता येत नाही" म्हणतो.

खडूस_मुंबईकर

निंबाळकरांचं ते उत्तर प्रामाणिक आहे, पण ऐकायला जिवावर येतं. मराठीत विचारलेल्या प्रश्नाला ४४३ यायलाच हवेत.

सिली_पॉइंट

तेच मलाही वाटतं. 'विक्रम' टूलसाठी चेंडूनिहाय साठ्याची गरज नाही, हाताने तपासलेली यादी चालेल : विक्रम, आकडा, सामना, मोसम, आणि तो कोणत्या तारखेपर्यंत अबाधित आहे. रणजीपासून सुरुवात करू. विदर्भवीर, धावफलक, खडूस, तुम्ही तिघे एकेका संघाचं पाहाल का? रकाने कसे हवेत ते मी उद्या इथेच टाकतो.

धावफलक

महाराष्ट्र संघाचं मी घेतो. माझ्याकडच्या जुन्या वार्षिकांतून पडताळून देईन. जिथे दोन पुस्तकांत दोन आकडे असतील तिथे दोन्ही लिहायला रकाना ठेवा.